पीआरवाल्याचं काम आता सारवासारवीचं राहिलेलं नाही

आमच्या पीआर, म्हणजे जनसंपर्काच्या एजन्सीत नवीन लागलेली मुलं हमखास विचारतात, मॅडम, सोशल मीडिया नव्हता तेव्हा तुम्ही दिवसभर करायचात तरी काय? मी सांगते, प्रेसनोट लिहायचो, क्लायंटची सही आणायचो, झेरॉक्स मारून पाकिटं भरायचो आणि ऑफिसबॉयला फोर्टपासून लोअर परळपर्यंत सगळ्या पेपरांच्या ऑफिसात पाठवायचो. मग संध्याकाळी डेस्कला फोन, "सर, उद्या लागेल का हो?" दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉलवरून पेपरांचा गठ्ठा आणून कात्रणं कापायची, कागदावर चिकटवायची, वर पेपरचं नाव, तारीख, आवृत्ती. बातमी किती कॉलम सेंटीमीटर लागली ते पट्टीने मोजायचं, जाहिरातीच्या रेटने गुणायचं आणि तो आकडा महिन्याच्या रिपोर्टमध्ये क्लायंटला दाखवायचा. पंचवीसेक पत्रकारांशी तुमचे संबंध चांगले असतील, त्यांच्याशी तुम्ही खोटं बोलत नसाल, तर मुंबईत तुमचं काम चालायचं.

हे सगळं आठवणी काढत बसायचं म्हणून नाही सांगत. तेव्हा आमच्या हातात एक गोष्ट होती, वेळ. संध्याकाळी सहाला काही वाईट कळलं तरी सकाळच्या पेपरपर्यंत रात्र होती, आणि टीव्ही चॅनेल सोडली तर बाकीच्यांना उत्तर द्यायला आम्ही सगळे मिळून ठरवू शकायचो.

फरक किती पडलाय ते बघायचं तर एकाच कंपनीच्या दोन गोष्टी बघा. ऑक्टोबर 2003, दिवाळी तोंडावर आलेली, आणि कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात आल्या, एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाने, साठे तपासले, पेपरांत बोंबाबोंब झाली, विक्री धाडकन खाली. कंपनी आधी म्हणाली की दुकानदारांनी नीट ठेवलं नाही, मग दुकानदारांना साठवणुकीचं शिक्षण देण्याची मोहीम काढली, वेष्टण बदलून जास्त घट्ट, सीलबंद केलं आणि जानेवारी 2004 मध्ये अमिताभ बच्चन यांना घेऊन जाहिराती आणल्या. म्हणजे तीनेक महिने मिळाले, आणि लोकांनी ते दिले, कारण बोलायची जागा पेपर आणि टीव्ही यांच्याच हातात होती.

आता एप्रिल 2023. तीच कंपनी, फक्त नाव मॉन्डेलीज झालेलं. फूडफार्मर नावाने व्हिडिओ करणाऱ्या एका माणसाने बोर्नव्हिटामध्ये साखर किती आहे यावर एक व्हिडिओ टाकला. कंपनीने कायदेशीर नोटीस पाठवली, त्याने व्हिडिओ काढला, माफी मागितली. दहा वर्षांपूर्वी प्रकरण इथेच मिटलं असतं. इथे मात्र व्हिडिओ काढल्यावर जास्त पसरला, नोटीस हीच बातमी झाली, राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने कंपनीकडे खुलासा मागितला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी बोर्नव्हिटातली वरून घातलेली साखर सुमारे 14 टक्क्यांनी कमी केल्याची बातमी आली. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं ते शेवटचं. शेवटी बदललं ते डब्यातलं साहित्य, आणि साहित्य काही पीआर एजन्सी बदलू शकत नाही.

आमच्याच एका क्लायंटचा अनुभव सांगते, नाव नाही घेणार. घरगुती उपकरणं विकणारी कंपनी. शनिवारी संध्याकाळी डोंबिवलीच्या एका काकांनी व्हिडिओ टाकला, तीन आठवडे झाले टेक्निशियन फिरकला नाही, कॉल सेंटरला फोन केला की तक्रार बंद झाली म्हणून मेसेज येतो, आणि मशीन उघडून आतला फिल्टर दाखवला, काळाकुट्ट. ना आरडाओरडा ना शिव्या, अगदी शांतपणे बोलत होते आणि म्हणूनच तो व्हिडिओ बघवत नव्हता. आमची ज्युनियर विरार लोकलमध्ये होती, तिने उभ्या उभ्या फोनवर चांगलं साधं मराठी उत्तर लिहिलं, की काका, चूक झाली, उद्या सकाळी माणूस येतोय, हा त्याचा नंबर. पण ते उत्तर आधी आमच्या डायरेक्टरकडे, मग क्लायंटच्या ब्रँड मॅनेजरकडे, तो कुणाच्या तरी लग्नात, मग लीगलकडे, मग गुरगावच्या हेड ऑफिसला, आणि रात्री साडेअकराला जे परत आलं ते असं होतं की ग्राहकांचं समाधान हे आमचं सर्वोच्च प्राधान्य आहे. ना काकांचं नाव, ना "चूक", ना नंबर. ते पोस्ट झालं आणि त्याखाली लोकांनी आपापले तक्रार क्रमांक टाकायला सुरुवात केली. मध्यरात्रीपर्यंत तो व्हिडिओ आमच्या स्वतःच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेला.

त्या मुलीने रविवारी जे केलं त्याला मी खरं पीआर म्हणते. तिने सगळ्या कमेंट एका शीटमध्ये घेतल्या आणि एरियाप्रमाणे लावल्या. ठाण्याच्या अलीकडच्या तक्रारी तुरळक, बाकी सगळ्या कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. कमेंटचा सूर चांगला की वाईट ते ओळखणाऱ्या ज्या टूलचे आम्ही दर महिन्याला पैसे भरतो त्याने इंग्रजी अक्षरांत टाइप केलेल्या मराठी कमेंट "न्यूट्रल" खात्यात टाकल्या होत्या, माणूस अक्षरशः रडकुंडीला येऊन लिहितोय आणि टूल म्हणतंय न्यूट्रल. ती शीट घेऊन आम्ही थेट सर्व्हिस हेडला फोन लावला तेव्हा कळलं की त्या पट्ट्यातला सर्व्हिसचा ठेकेदार बदललाय आणि नव्याकडे स्पेअर पार्टच पोचले नव्हते. कॉल सेंटरला महिन्याचं टार्गेट होतं, म्हणून तिथली माणसं तक्रारी बंद करत होती. हे कंपनीच्या वरच्या लोकांना माहीतच नव्हतं! सर्व्हिस मॅनेजर स्वतः टेक्निशियनला घेऊन डोंबिवलीला गेला, फिल्टर बदलला, काकांनी स्वतःच दोन ओळी टाकल्या की माणूस आला, काम झालं. आमच्या स्टेटमेंटपेक्षा त्या दोन ओळींनी जास्त काम केलं.

म्हणून माझं मत असं झालंय की पूर्वी पीआरवाला कंपनीचं म्हणणं बाहेर नेणारा होता, आता बाहेरचं म्हणणं आत नेणारा हवा, आणि आत त्याचं ऐकायला कुणीतरी हवं. चांगली उदाहरणं इथेच आहेत. मुंबई पोलीस डिसेंबर 2015 मध्ये ट्विटरवर आले, सगळे त्यांच्या विनोदी पोस्टचं कौतुक करतात, पण मला विचाराल तर त्यांची ताकद ही की तुम्ही लिहिलंत तर कुठल्या पोलीस ठाण्याला कळवलंय ते सांगतात. महापालिकेने तर वॉर्डांची वेगळी हँडल्सच केलीत, पावसाळ्यात खड्ड्याचा फोटो टाकला की निदान कुठल्या वॉर्डाचं काम ते तरी कळतं. खड्डा बुजतो की नाही हा वेगळा विषय.

व्हॉट्सअ‍ॅपचं मात्र अवघड आहे. ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, काय चाललंय ते दिसतं तरी. ग्रुपमध्ये काय फिरतंय ते आम्हाला कळतं ते कुणाच्या तरी मावशीने कुणाला तरी पाठवल्यावर. 2018 मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आली, त्याने वेग थोडा कमी झाला, पण खोटी गोष्ट एकदा सोसायटीच्या ग्रुपात शिरली की तिला खोडायला त्याच ग्रुपातला विश्वासाचा माणूस लागतो, आमची प्रेसनोट तिथे पोचतच नाही.

मोजमापाचं सांगायचं राहिलं. ती पट्टीने मोजायची पद्धत चुकीची होती हे आमच्याच क्षेत्राने 2010 मध्ये बार्सिलोना तत्त्वांमध्ये लिहून मान्य केलं, जाहिरातीच्या दराने गुणलेला आकडा म्हणजे पीआरची किंमत नाही. पण आता क्लायंट रीच आणि इम्प्रेशनचे, म्हणजे पोस्ट किती लोकांपर्यंत पोचली आणि किती वेळा दिसली याचे, आकडे तसेच मागतात आणि एजन्सीज तसेच देतात, त्या काकांचा व्हिडिओ रीचमध्ये धरला तर आमचा तो महिना एकदम झकास! याचा मला मनापासून राग येतो.

आणि इन्फ्लुएन्सर. पैसे देऊन केलेली पोस्ट "मनापासून" केल्यासारखी दाखवायची मागणी अजूनही येते. आस्कीचे, म्हणजे जाहिरात क्षेत्राच्याच स्वनियंत्रण संस्थेचे, नियम जून 2021 पासून आहेत, पैसे घेतले असतील तर तसं स्पष्ट लिहायचं, आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. पण दंड राहू दे बाजूला. नाशिकची एखादी मुलगी त्या पोस्टवर विश्वास ठेवून आपल्या पहिल्या पगारातून क्रीम घेते, तिला फसवायचं काम मला करायचं नाही आणि माझ्या टीमलाही करू देणार नाही.

टीमवरून आठवलं, या सगळ्याचा भार ज्युनियर मुलांवर पडतो. रात्री एक वाजता कमेंट बघणारी मुलगी सकाळी साडेनऊला ऑफिसात हजर पाहिजे असते, आणि लोकांच्या शिव्या ती एकटी वाचत असते. पेपरच्या डेस्कवर रात्रपाळी असायची, रात्रपाळीचे वेगळे नियम असायचे. आमच्याकडे अजून "जरा बघून घे ना" वरच चाललंय. रात्रीचं काम असेल तर पाळी लावा, पैसे द्या, दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या.

आता नवीन क्लायंट आला की मी करारात दोन गोष्टी घालते. एक, तीन माणसांची नावं आणि मोबाइल नंबर, जे रविवारीसुद्धा फोन उचलतील आणि अर्ध्या तासात हो किंवा नाही सांगतील, आणि त्यातला एक सर्व्हिसचा किंवा फॅक्टरीचा असलाच पाहिजे, तिघेही मार्केटिंगचे चालणार नाहीत. दोन, आमच्या रात्रपाळीचे पैसे वेगळे. गेल्या महिन्यात एका क्लायंटने दुसरी अट लगेच मान्य केली आणि पहिलीवर अडून बसला, म्हणाला फॅक्टरीच्या माणसाचा पीआरशी काय संबंध. मी त्याला डोंबिवलीच्या काकांची ती शीट उघडून दाखवली, नावं झाकून. बराच वेळ वाचत होता. मग त्याने स्वतःच प्लांट मॅनेजरला फोन लावला.