तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा बोर्ड खरंच रँडम आहे का?

हरलेला खेळाडू विचारतो, जिंकलेलाही विचारतो. "ताई, बोर्ड खरंच रँडम आहे ना? की ते जुने पाच पॅटर्न तसेच ठेवलेत?" 'प्रेस युअर लक' हा जुना अमेरिकन गेम शो मी गेली सहा वर्षं हौसेने ऑनलाइन चालवते, आठवड्यातून एक रात्र, आणि या प्रश्नाशिवाय एकही रात्र गेलेली नाही. दोन वाक्यांत उत्तर देता येतं, पण ते देऊन माझंच समाधान होत नाही.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं. हा शो सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीवर सप्टेंबर 1983 ते सप्टेंबर 1986 या काळात दिवसा लागायचा. होस्ट होते पीटर टोमार्केन. तीन खेळाडू आधी प्रश्नांची उत्तरं देऊन स्पिन, म्हणजे बोर्डावर खेळायच्या पाळ्या, कमवायचे, मग 18 चौकोनांच्या मोठ्या बोर्डासमोर बसायचे. बोर्डावर दिवा उड्या मारत फिरतोय, चौकोनांतल्या रकमा आणि बक्षिसं सारखी बदलतायत, आणि खेळाडू बटणावर हात ठेवून ओरडतोय, "बिग बक्स, नो व्हॅमीज, स्टॉप!" दिवा थांबेल तिथलं बक्षीस तुमचं. व्हॅमी लागला तर एक कार्टून प्राणी पडद्यावर नाचत येतो आणि तोवर जमलेलं सगळं घेऊन जातो. चार व्हॅमी लागले की खेळाडू बाद.

आता ते पाच पॅटर्न. दिवा कुठेही उडतोय असं वाटायचं, पण तो पाच ठरलेल्या क्रमांपैकीच एखाद्या क्रमाने फिरायचा. ओहायोतल्या मायकेल लार्सन नावाच्या माणसाने घरी व्हीसीआरवर भाग रेकॉर्ड केले, पॉज करकरून ते क्रम पाठ केले. त्याच्या हेही लक्षात आलं की चौथ्या आणि आठव्या चौकोनात व्हॅमी कधीच येत नाही, आणि तिथल्या रकमेबरोबर वर एक जादा स्पिनही मिळतो. म्हणजे त्या दोन जागा गाठत राहिलं तर स्पिन संपतच नाहीत. मे 1984 मध्ये तो खेळायला आला आणि 40 हून जास्त स्पिन सलग, व्हॅमी न लागता, खेळला. त्याची एकूण कमाई झाली 1,10,237 डॉलर. खेळ इतका लांबला की तो दोन भागांत दाखवावा लागला, 8 आणि 11 जून 1984 ला. सीबीएसने चौकशी केली, त्यात नियमभंग काही सापडला नाही, पैसे द्यावे लागले. नंतर बोर्डाचे पॅटर्न वाढवण्यात आले.

मी सुरुवात केली तेव्हा पाचही पॅटर्न जसेच्या तसे ठेवले होते. जुने भाग एकेक फ्रेम पुढे सरकवत वहीत आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. माझं म्हणणं साधं होतं: जुना खेळ पुन्हा उभा करायचा तर त्याच्या चुकांसकट करायचा, त्यात आपली सुधारणा नको. हे म्हणणं मला अजूनही पूर्ण चुकीचं वाटत नाही. जुन्या वाड्याचं छप्पर दुरुस्त करताना कौलं काढून कोणी पत्रे टाकले तर जीव तुटतो, तसंच हे.

पण दोन महिन्यांत नेहमीच्या खेळाडूंना क्रम पाठ झाले, आणि खेळातली एक गोष्ट पार मरून गेली. ती म्हणजे 'पास'.

या खेळाचा जीव बोर्डात नाही, पासमध्ये आहे, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडचे कमावलेले स्पिन नको असतील तर ते दुसऱ्याला देता येतात. ते जातात उरलेल्या दोघांपैकी ज्याची रक्कम जास्त असेल त्याच्याकडे, आणि पासचे स्पिन त्याला खेळावेच लागतात, नाही म्हणायची सोय नाही. म्हणजे तुम्ही पुढे आहात, हातात तीन स्पिन आहेत. खेळलात तर व्हॅमी लागून सगळं जाऊ शकतं. पास केलेत तर समोरच्याला व्हॅमी लागेल अशी आशा करायची, पण त्याला मोठी रक्कम लागली तर आपल्या हाताने आपण त्याला जिंकवलं. शिवाय पासच्या स्पिनवर व्हॅमी लागला तर उरलेले पासचे स्पिन त्याच्या कमावलेल्या खात्यात जातात, आणि तेच तो पुन्हा तुमच्याकडे ढकलू शकतो. खुद्द लार्सनवरही शेवटी असे तीन स्पिन परत आले होते. एक लाखाच्या वर गेलेला माणूस, थकलेला, थांबायचं ठरवून बसलेला, आणि त्याला पुन्हा बटणावर हात ठेवावा लागतो. तो भाग मी कितीदा पाहिला असेल, पण त्या क्षणी अजूनही पोटात गोळा येतो.

ज्याला पॅटर्न पाठ आहेत त्याला पास करायची गरजच नाही. आमच्याकडे असे पाठांतरवाले एकामागून एक जिंकू लागले, आणि नवे खेळाडू एकदा येऊन परत फिरकेनात. एका रात्री एक मुलगी अकरा हजारांवर होती, चार स्पिन हातात, आणि पास करू की नको यात दोन मिनिटं गप्प बसली. बाकीचे दोघे तिच्या गप्प बसण्यावर वैतागले, कारण त्यांच्या लेखी उत्तर ठरलेलं होतं. त्याच रात्री मी बोर्ड बदलला.

तर उत्तर: हो, रँडम आहे. उड्यांचा वेग, चौकोनांतली चित्रं बदलण्याची लय, कुठल्या चौकोनात काय असू शकतं, हे सगळं जुनंच आहे. फक्त उड्यांचा क्रम नवा.

त्यावर लगेच दुसरी शंका आली. खऱ्या रँडम क्रमात एकाच माणसाला ओळीने तीन व्हॅमी लागतात, आणि ज्याला लागतात त्याचा विश्वास बसत नाही. तसा तो बसावाच असं मी म्हणणार नाही. म्हणून खेळाआधी त्या रात्रीचा पूर्ण क्रम तयार करून त्याचा एक डिजिटल ठसा, म्हणजे त्या क्रमावरून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची ओळ, सगळ्यांना देते. ठशावरून क्रम ओळखता येत नाही. खेळ संपला की क्रम उघडते, आणि कोणीही त्याचा ठसा काढून आधीच्या ठशाशी जुळवून पाहावा. मी मध्ये एक उडी जरी बदलली तरी ठसा जुळणार नाही.

बटणाचं दुखणं मात्र याहून मोठं होतं, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. तुम्ही "स्टॉप" दाबता तेव्हा तुमच्या पडद्यावर दिवा एका चौकोनावर असतो. ती खबर सर्व्हरपर्यंत पोचेपर्यंत सर्व्हरवरचा दिवा पुढे गेलेला असतो. सर्व्हरचं खरं मानलं तर तुमच्या डोळ्यांदेखत दिवा तुमच्या जागेवरून निसटतो, आणि मंद इंटरनेटवाल्यावर अन्याय होतो. म्हणून मी खेळाडूच्या पडद्यावरचा क्षण खरा मानते. प्रश्नांच्या बझरचंही तसंच: प्रश्न तुमच्याकडे दिसल्यापासून किती वेळाने दाबलंत ते मोजते, कोणाचा निरोप आधी आला ते नाही. यात लबाडीला वाव राहतो, हे मला माहीत आहे. पण मी विश्वास ठेवायचं ठरवलं आहे, कारण इथे पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, जिंकलेले डॉलर म्हणजे नुसते गुण.

एक अपवाद ठेवलाय. दरवर्षी 8 जूनला मी जुने पाच पॅटर्न परत लावते, आधी सांगून. माझ्या वहीतली पानंही सगळ्यांना देते. लोक ती समोर ठेवून बसतात, चौथा आणि आठवा चौकोन कुठे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी पंधरा-वीस स्पिन झाले की बोट चुकतं. मागच्या वर्षी एकाने सव्वीस गाठले. सत्ताविसाव्याला त्याने डोळे मिटून दाबलं, तो म्हणाला बघवत नव्हतं. व्हॅमी नाचत आला. त्याने लगेच विचारलं, पुढच्या जूनसाठी नाव आत्ताच लिहून घ्याल का. घेतलंय.