दोन हजेऱ्या

१९७२ साली मी आपल्या शाळेत नववीला होतो. त्या सालचा विषय निघाला की लोक म्हणतात, "दुष्काळानं तुम्हाला घडवलं." समोरचा मायेनं बोलत असतो, म्हणून मीही मान डोलावतो. शाळेच्या स्मरणिकेत मात्र खरं तेच लिहायला हवं.

आमच्या सांगोल्याकडे आधीची दोन वर्षंही पाऊस हात राखूनच पडला होता. बाहत्तरला मृग कोरडा गेला, हस्तही कोरडा गेला. विहिरीचा तळ दिसू लागला. दिवाळीआधी बैलजोडी मिळेल त्या भावाला गेली. वडील पाझर तलावाच्या कामावर जायचे आणि आई रस्त्याच्या खडीवर. महिनाभरात मीही आईसोबत जाऊ लागलो. माझं वय कुणी विचारलं नाही. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशी दुष्काळी कामांवर होती. त्या गर्दीत चौदा वर्षांचं पोर कुणाला दिसणार?

रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, मिळायचा. त्याची भाकरी थापतानाच चिरायची. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळे. ती मी खिशात ठेवून दिवसभर चिमटी चिमटीनं खायचो.

पहिल्याच आठवड्यात तळहाताला फोड आले आणि फुटलेही. आईनं लुगड्याची चिंधी बांधली आणि म्हणाली, "नुसता जोर लावू नगंस. दगड फिरवून बघ, शीर कुठाय ती. तिथंच घाल." काळ्या दगडाला शीर असते. ती सापडली तर बेताच्या घावातही दोन तुकडे पडतात. चुकली तर हातोडा उसळतो आणि कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. शीर ओळखायला मला पंधरा दिवस लागले.

खडीचं माप ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर, व्हायचं. एक मुकादम मापाची पेटी भरताना मुद्दाम हलवायचा, म्हणजे खडी खाली बसे आणि पेटीत जास्त मावे. आईचं अर्ध्या दिवसाचं काम त्या हलवण्यात जायचं. ती काही बोलायची नाही, फक्त पेटीकडे बघत राहायची. तिचं ते बघणं माझ्या मनातून आजही गेलेलं नाही.

कामाच्या मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, माझी हजेरी लागत होती, तेव्हा शाळेत रोज गैरहजेरी पडत होती. नियमानं माझं नाव पटावरून कमी व्हायला हवं होतं. आमच्या वर्गशिक्षकांनी ते होऊ दिलं नाही. एका रविवारी सर सायकल दामटत थेट खडीवर आले. ढिगाशेजारी बसले, माझा हात उलटा करून तळवा पाहिला, आणि बीजगणिताची वही मांडीवर ठेवली. म्हणाले, "नाव आहे तुझं पटावर. परीक्षेला ये." त्यानंतर ते दर रविवारी आले. जून उजाडेपर्यंत एकही रविवार चुकला नाही. मला कुणी घडवलं असेल तर त्या सायकलनं आणि आईच्या त्या चिंधीनं. दुष्काळानं फक्त ओरबाडलं.

जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, पुढे कनिष्ठ अभियंता झालो. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा १९७७ साली कायदा झाला होता. नोकरीत तीच कामं माझ्याकडे आली. माप घेताना पेटीला मी कुणाला हात लावू दिला नाही. त्यापायी दोनदा बदली झाली. बिऱ्हाड उचलताना त्रास झाला, पण भीती वाटली नाही. मिलो खाऊन दिवस काढलेल्या घराला बदलीची कसली भीती?

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. माझ्या बाकावर एक मित्र बसायचा. गणितात तो माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होता. त्याचं घरही तेवढंच सोसत होतं आणि तोही तेवढाच चिवट होता. पण त्याची माणसं जगायला मुलुख सोडून गेली. सरांची सायकल तिथवर कशी पोचणार? तो परत आला नाही आणि त्याचं नाव कमी झालं.

हीरकमहोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांची जी यादी झाली आहे, ती मॅट्रिक झालेल्यांची आहे. तिच्यात तो नाही. १९७२-७३ च्या नववीच्या हजेरीपत्रकात माझ्या मागे-पुढेच त्याचं नाव सापडेल. समितीनं ते कपाट उघडून पाहावं आणि यादी छापायला जाण्याआधी त्याचं नाव तिच्यात घ्यावं, एवढी माझी विनंती आहे.