नमांगाची सीमा: वीसने गुणू नका

नैरोबीहून रस्त्याने टांझानियातल्या आरुशाला जाणाऱ्यांना कोणी "एक केनियन शिलिंग म्हणजे वीस टांझानियन" असे सांगितले, तर सांगणारा कोणत्या साली गेला होता, हे आधी विचारून घ्यावे. आम्हांला हा हिशेब नैरोबीत अनेक वर्षे राहिलेल्या एका काकांनी मोठ्या खात्रीने दिला होता, आणि २०१५ ते २०१९ या काळात दर खरोखरच वीस-बावीसच्या घरात असल्यामुळे त्यांना खोटे ठरवता येत नाही. आम्ही मात्र २०२४च्या जानेवारीअखेर निघालो. त्या आठवड्यात एका डॉलरला केनियाचे सुमारे १६० आणि टांझानियाचे सुमारे २,५०० शिलिंग पडत होते, म्हणजे एका केनियन शिलिंगाला जेमतेम पावणेसोळा. मुक्काम, गाडी आणि जेवणाचा जो खर्च आम्ही केनियन शिलिंगांत बाजूला काढला होता, त्याचा पाचवा हिस्सा सीमा ओलांडण्यापूर्वीच हवेत विरला.

नैरोबी ते केनिया-टांझानिया सीमेवरचे नमांगा हा दीड-पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता चांगला आहे आणि त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. दोन्ही देशांचे शिक्के आता एकाच इमारतीत मिळतात, तेही काम सुरळीत होते. खरा त्रास आहे तो गाडीतून उतरल्यापासून त्या इमारतीच्या दारापर्यंतच्या जेमतेम दोनशे पावलांचा. मण्यांच्या माळा विकणाऱ्या मासाई बायका मागे लागतात, पण त्या एका नकाराने थांबतात. नोटांचे गठ्ठे घेऊन फिरणारे दलाल थांबत नाहीत. त्यांच्यातल्या एकाने आम्हांला साडेतेराचा भाव सांगितला. दहा हजार केनियन शिलिंगांचे बाजारभावाने साधारण १,५७,००० व्हायला हवेत, तो १,३५,००० देत होता. शेकड्याला चौदा टक्के ही दलाली नव्हे, लूट आहे. वर त्याने नोटा अशा झपाट्याने मोजल्या की हत्तीचे चित्र असलेल्या दहा हजारांच्या तांबड्या नोटांमध्ये टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांचा चेहरा असलेली हजाराची निळी नोट सरकवलेली आहे, हे गठ्ठा पंख्यासारखा पसरल्यावरच दिसले. बोट ठेवताच त्याने ती हसत बदलली, जणू हा रोजच्या व्यवहाराचाच भाग असावा. आम्ही सौदा मोडला आणि पलीकडे बँकेच्या खिडकीवर पंधराच्या थोड्या वर भावाने पैसे घेतले. रांग लांब होती, ऊन रणरणते होते, आणि तरीही माझा सल्ला तोच राहील: रस्त्यावर एक शिलिंगही बदलू नका.

जुने दर पाहायचे ते नेमके कशासाठी, हे या दोन चलनांच्या इतिहासावरून चांगले कळते. १९२०पर्यंत या भागात रुपयाच चालत होता, भारतातून आलेला आणि नंतर त्याच मापाचा स्थानिक. मग फ्लोरिन नावाचे चलन आले, १९२१पासून शिलिंग आला, आणि १९६६पर्यंत केनिया, युगांडा व टांझानिया यांचे चलन एकच होते. त्या वर्षी तिघांनी आपापले शिलिंग काढले तेव्हा दर एकास एक होता. १९७७मध्ये या तीन देशांचा पूर्व आफ्रिकी समुदाय हा संघ मोडला, टांझानियाने हीच सीमा बंद केली आणि ती १९८३मध्ये उघडली. मधल्या काळात युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्याशी झालेले युद्ध, मालाची टंचाई आणि सरकारने कृत्रिमरीत्या धरून ठेवलेला दर यांमुळे टांझानियन शिलिंगाचा कागदोपत्री भाव आणि खरा भाव यांत मोठी दरी पडली. १९८६च्या आर्थिक सुधारणांनंतर अवमूल्यनांचा धडाका लागला, आणि १९९५च्या सुमारास एका केनियन शिलिंगाला अकराच्या आसपास टांझानियन मिळू लागले. एवढे वाचून कोणीही म्हणेल की टांझानियन शिलिंग फक्त घसरतच जातो. काकांचाही तसाच समज होता. पण २०२३मध्ये केनियाचे शिलिंगच कोसळले, कारण २०२४च्या जूनमध्ये दोन अब्ज डॉलरचे कर्जरोखे फेडायचे होते आणि पैसा कुठून येणार हे कोणालाच दिसत नव्हते. फेब्रुवारीत केनियाने नवे रोखे विकून जुने परत घेण्याची सोय केली आणि त्याचे चलन काही दिवसांत उसळले. आम्ही फेब्रुवारीअखेर परतलो तेव्हा दर साडेसतराच्या आसपास होता, म्हणजे खिशात उरलेल्या टांझानियन नोटांवर आम्ही पुन्हा मार खाल्ला. त्याच वर्षी पुढे तो एकवीसपर्यंत गेला आणि वर्षअखेरीस पुन्हा उतरला.

त्यामुळे पाच वर्षांचा आलेख पाहून सरासरी काढणे निरुपयोगी आहे. निघायच्या आदल्या दिवशीचे दोन्ही चलनांचे डॉलरभाव घ्यावेत आणि एकाला दुसऱ्याने भागावे. केनियाच्या मध्यवर्ती बँकेचा तक्ता वाचताना सांभाळावे, कारण डॉलर-पौंडासमोर केनियन शिलिंग किती हे लिहिलेले असते, तर शेजारच्या शिलिंगांसाठी आकडा उलटा, म्हणजे एका केनियन शिलिंगाला किती, असा असतो. तक्त्यातला मधला भाव कोणालाच मिळत नाही. तीन-चार टक्के कमी मिळाले तर घ्यावेत, त्यापलीकडे सरळ पाठ फिरवावी.

आरुशात गेल्यावर बघू, असेही म्हणू नये. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या पैसे बदलणाऱ्या दुकानांवर सरकारने लष्कराच्या मदतीने धाड घातली, अनेक दुकाने बंद झाली, आणि आम्हांला तरी बँकेशिवाय सोयीची जागा सापडली नाही. बँकेत पासपोर्ट लागतो. परतीच्या वाटेवर कोणी केनियाची हजाराची नोट देऊ लागला, तर ती २०१९च्या नव्या मालिकेतली आहे ना, हे पाहावे. केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांचे चित्र असलेली हजाराची जुनी नोट ३० सप्टेंबर २०१९ नंतर बाद झाली आहे.

आरुशापलीकडचे न्गोरोन्गोरो हे वन्यप्राण्यांसाठी प्रसिद्ध ज्वालामुखीचे विवर सुंदर आहे. त्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. टांझानियन शिलिंग मात्र आरुशातच संपवून निघा, आणि उरलेच तर वाटेतल्या पंपावर गाडीत डिझेल भरून संपवा.