कमाटीबागेतला डबेवाला

आज सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत फिरायला गेलो आणि फेऱ्या राहिल्याच बाजूला. एका जुन्या झाडाच्या ढोलीशी राखी धनेश पक्ष्याचा नर येऊन बसला होता. ढोलीचं तोंड लिंपलेलं, मधे उभी बारीक फट आणि आत मादी. ती आपल्या विष्ठेने आणि नराने आणून दिलेल्या मातीच्या गोळ्यांनी स्वतःच दार बंद करून घेते! आतच अंडी घालते, उडायची पिसंही आतच गाळते. म्हणजे सगळी भिस्त नवऱ्यावर.

पठ्ठ्याची चोच रिकामी दिसली. म्हटलं, आला का हात हलवत? तर मान झटकून त्याने घशातून वडाचं लालबुंद फळ वर आणलं, चोचीच्या टोकाशी तोललं आणि फटीतून आत सरकवलं. मग दुसरं, तिसरं... संपेचनात. कधी सरडा, नाकतोडाही असतो म्हणे मेनूत. फटीतून दिसत होतं ते फक्त तिच्या चोचीचं टोक.

(कुणी बघायला गेलात तर लांबूनच बघा. माणूस अगदी जवळ दिसला की नर बुजतो.)

घरी आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आणि तुझे बाबा? माझ्या बाळंतपणात दूधसुद्धा उतू घालवलं होतं!"