भारत–इस्रायल संशोधन अनुदान: अर्ज दोघांचा, हिशेब ज्याचा त्याचा

दोन देशांतल्या दोन कंपन्यांनी मिळून एक नवं उत्पादन घडवायचं आणि खर्चाचा अर्ध्यापर्यंतचा भाग आपापल्या सरकारने उचलायचा, अशी ही योजना. भारत–इस्रायल औद्योगिक संशोधन निधी, म्हणजे ‘आय-फोर-एफ’, जुलै २०१७ मध्ये जाहीर झाला. पाच वर्षांसाठी ४ कोटी डॉलर, प्रत्येक देशाचे २ कोटी. आमच्या वेळी आपल्याकडचं काम ‘जीटा’ पाहत होती (केंद्र सरकारचं तंत्रज्ञान विकास मंडळ आणि सीआयआय ही उद्योगांची संघटना यांची संयुक्त संस्था) आणि तिकडचं काम इस्रायल इनोव्हेशन अथॉरिटी. भोसरीतल्या आमच्या छोट्या युनिटने शेतीच्या पाण्याच्या सेन्सरसाठी हा अर्ज केला. त्यात जे कळलं ते, त्याच वाटेने जाणाऱ्यांसाठी, लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट: पैसा सरहद्द ओलांडत नाही. आपलं अनुदान आपल्याला रुपयांत, त्यांचं त्यांना शेकेलमध्ये. अर्ज एकत्र असला तरी छाननी दोन्हीकडे वेगळी होते, नियम वेगळे, हिशेब तपासणारे वेगळे, आणि होकार मात्र दोघांचाही लागतो. त्यामुळे जी बाजू हळू चालते तिच्याच चालीने प्रकल्प चालतो.

भागीदार निवडताना एकच कसोटी वापरावी. त्यांच्याकडून त्यांच्या वाट्याच्या कामाचा एक पानी आराखडा मागायचा: कोणतं काम, किती माणसं, किती महिने, शेवटी हातात काय येणार. पान आलं नाही किंवा त्यात फक्त भारतीय बाजारपेठेचं वर्णन आलं, तर समोरच्याला वितरक हवा आहे, संशोधनाचा जोडीदार नको आहे. ‘तिकडे डोकं, इकडे खोका’ अशी वाटणी परीक्षकांना पहिल्या वाचनात दिसते. दोन्हीकडे खरं संशोधन हवं आणि दोन्ही कंपन्या एकमेकींच्या मालकीच्या नसाव्यात.

मग करार. बहुतेक जण तो मंजुरीनंतर करू म्हणतात आणि तिथेच फसतात. अर्जासोबत निदान दोघांनी सह्या केलेला मसुदा जोडता आला पाहिजे. त्यात आधीपासून कोणाकडे काय आहे याची यादी (पेटंट, सर्किट, सॉफ्टवेअर, अगदी मोजमापाचा जमवलेला डेटासुद्धा), प्रकल्पातून जे नवं निघेल त्याची मालकी, कुठल्या देशात कोण विकणार, आणि एकाने मध्येच अंग काढलं तर दुसऱ्याला काय वापरता येईल, हे स्पष्ट असावं. ‘संयुक्त मालकी’ एवढंच लिहून थांबू नका. संयुक्त मालकीत कोणी कोणाला न विचारता परवाना देऊ शकतो का, हा प्रश्न पुढे हमखास येतो.

इस्रायलची एक बाब आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. तिथल्या १९८४ च्या संशोधन प्रोत्साहन कायद्याखाली सरकारी पैशातून तयार झालेलं तांत्रिक ज्ञान परवानगीशिवाय देशाबाहेर हस्तांतरित करता येत नाही. उत्पादन बाहेर नेण्यावरही बंधनं आहेत. तयार माल निर्यात करायला अडचण नाही. पण तुमचा बेत पुण्यात जोडणी करायचा असेल, तर भागीदाराने त्यांच्या अर्जात किती टक्के उत्पादन बाहेर होणार हे सुरुवातीलाच लिहिलेलं बरं. नंतर परवानगी मागायची म्हणजे वेळ जातो आणि त्यांच्यावरची रॉयल्टीही (अनुदानाच्या बदल्यात विक्रीतून तिथल्या सरकारला द्यायचा वाटा) वाढू शकते.

आपल्या बाजूचं कुंपण म्हणजे पेटंट कायद्याचं कलम ३९. शोधकर्त्यांपैकी कोणी भारतात राहणारा असेल, तर आधी भारतात पेटंटचा अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर फॉर्म २५ भरून परदेशात अर्ज करायची परवानगी घ्यायची. भागीदाराचा वकील उत्साहात तिकडे थेट अर्ज दाखल करून मोकळा झाला, तर इकडे दंड किंवा कैदेची तरतूद आहे. ही एक ओळ करारातच घालून ठेवा.

आता बजेट, कारण अर्ज खरा इथे हलका किंवा भारी होतो. मनुष्यबळ, कच्चा माल, उपकरणं, चाचण्या, प्रवास, बाहेरून करून घ्यायचं काम, असे रकाने असतात. जमीन, इमारत, जाहिरात, कर्जाचं व्याज यांना जागा नाही. मंजुरीपत्रातल्या तारखेच्या आधी केलेला खर्च धरला जात नाही. घाईने आधीच मागवलेलं उपकरण पूर्ण आपल्या खिशातून जातं. जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेत असाल तर खर्चात मूळ किंमतच लिहायची, कर धरला की तो दोनदा वसूल केल्यासारखं होतं. अर्धा वेळ प्रकल्पावर असलेल्या इंजिनिअरचा पूर्ण पगार लावू नका, आणि जो लावाल त्याची दररोजची टाइमशीट ठेवा. महिन्याच्या शेवटी आठवून भरलेली टाइमशीट ओळखू येते: रविवारीसुद्धा बरोब्बर आठ तास. (इस्रायलमध्ये रविवार कामाचा असतो, पण ही सबब भोसरीत चालत नाही.)

विनिमय दराचाही घोळ होतो. भागीदार डॉलरमध्ये, आपण रुपयांत, आणि एकत्र तक्ता तिसऱ्याच दराने. एक तारीख आणि एक दर ठरवून दोन्ही अर्जांत तोच लिहा. कामाच्या पॅकेजची (प्रकल्पातल्या कामाच्या एकेका गटाची) नावं आणि महिनेही शब्दशः तेच हवेत. त्यांच्या अर्जात ‘फील्ड चाचणी, महिना १४ ते २०’ आणि आपल्यात ‘शेतावरची चाचणी, महिना १६ ते २२’ असं दिसलं की दोन्हीकडचे तपासणारे प्रश्न पाठवतात आणि पंधरवडा जातो.

रोख रकमेचा हिशेब मात्र अर्जात कुणी विचारत नाही. तो स्वतःच करायचा. उदाहरण घेऊ. भारतीय बाजूचा मान्य खर्च १.८० कोटी, मुदत २४ महिने, म्हणजे महिन्याला सरासरी साडेसात लाख. अनुदान निम्मं, ९० लाख. पहिला हप्ता समजा ३० टक्के, म्हणजे २७ लाख. पुढचा हप्ता मागायला हे २७ लाख आणि आपले तेवढेच, असे ५४ लाख खर्चून दाखवायचे. ते साधारण सात महिन्यांत संपतात. मग प्रगती अहवाल, सीएचं प्रमाणपत्र, आढावा बैठक, शंका, उत्तरं. यात चार महिने गेले तर ३० लाख आपले पुढे लागतात, कारण इंजिनिअरचे पगार आढाव्यासाठी थांबत नाहीत. शेवटचा हप्ता तर काम संपल्यावरच येतो. तेव्हा मंजुरीपत्र हातात यायच्या आधी बँकेत कॅश क्रेडिटची (लागेल तसं उचलायच्या कर्जाची) मर्यादा वाढवून घ्या. अनुदान मंजूर होऊनही पगार अडले, असे प्रकल्प याच गणितावर घसरतात.

सादरीकरणात परीक्षक तंत्रज्ञानापेक्षा एकाच गोष्टीच्या मागे लागतात: हे विकत कोण घेणार, किती रुपयांना, आणि आजचा पर्याय काय. ‘भारतात कोट्यवधी शेतकरी आहेत’ हे उत्तर नव्हे. एका एकरावर सेन्सरचा खर्च किती, द्राक्ष बागायतदाराला तो किती हंगामांत वसूल होतो, आणि ऊस लावणारा का घेणार नाही, हे सांगता आलं तर खोलीतला सूर बदलतो. भागीदारालाही बोलायला लावा. सगळं एकट्यानेच बोललात तर जोडी कागदावरची वाटते.

पैसा आल्यावर वेगळं बँक खातं उघडायचं आणि त्यात दुसरा व्यवहार करायचा नाही. अनुदान पडून राहून मिळालेलं व्याज आपलं नसतं. जीएफआर २०१७, म्हणजे केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम, यांप्रमाणे ते सरकारजमा करावं लागतं. उपयोगिता प्रमाणपत्रावर (पैसे कशावर खर्चले याचा दाखला) सीएचा यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा वेगळा ओळख क्रमांक, असायलाच हवा. खरेदीसाठी तीन कोटेशनं घ्या. वस्तू एकाच पुरवठादाराकडे मिळत असेल तर तसं कारण खरेदी करण्याआधीच नोंदवून ठेवा. आयकरात अनुदान उत्पन्न धरलं जातं. यंत्रासाठी मिळालेला भाग यंत्राच्या किमतीतून वजा होऊन घसारा (झिजेपोटी करात मिळणारी वजावट) कमी होतो. सीएला हे मार्चमध्ये नाही, पहिला हप्ता आला त्या आठवड्यात सांगा.

नमुने पाठवताना पेटीवर ‘विक्रीसाठी नाही, मूल्य शून्य’ लिहायची सवय असते. कस्टमला शून्य मूल्य मान्य नसतं, पेटी अडकते. खरी उत्पादन किंमत लिहा, आणि चाचणीनंतर परत येणार असेल तर प्रत्येक नगाचा अनुक्रमांक शिपिंग बिलावर (निर्यातीच्या कस्टम कागदावर) घाला, म्हणजे परतीच्या वेळी तोच नग आहे हे दाखवता येतं. वेळापत्रकातही सण मोजा. सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये त्यांच्या नववर्षापासून तीन आठवडे तुटक सुट्ट्या, त्या संपेपर्यंत आपली दिवाळी. त्या काळात टप्पा ठेवलात तर तो चुकणारच. वेळेतला फरक उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात साडेतीन. शुक्रवार-शनिवार त्यांचे सुट्टीचे, रविवार आपला, तेव्हा सामाईक दिवस सोमवार ते गुरुवार.

शेवटचं काम यंत्रांचं. अनुदानातून घेतलेलं उपकरण परवानगीशिवाय विकता किंवा भंगारात काढता येत नाही, म्हणून वेगळी मालमत्ता नोंदवही ठेवावी लागते. उपकरण आलं त्याच दिवशी त्यावर प्रकल्प क्रमांकाचा बिल्ला चिकटवा आणि बिलावरचा अनुक्रमांक यंत्रावरच्याशी पडताळून पाहा. आमच्या एका ऑसिलोस्कोपच्या बिलात पुरवठादाराने एक आकडा उलटा टाकला होता; तो दुरुस्त करून घ्यायला नवं बिल, नवी नोंद आणि पुरवठादाराचं पत्र लागलं.