रोज कॅल्शियम पाजलं, तरी गाय बसली कशी?

सिन्नर-निफाडकडच्या कुठल्याही गोठ्यात गेलो की हे ऐकतोच: "डॉक्टर, शेवटचा महिनाभर रोज कॅल्शियम पाजलं. तरी व्यायल्यावर गाय बसलीच कशी?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो. हे बसणं म्हणजे दुग्धज्वर: व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटून गाईला उठता न येणं. आणि बरेचदा ती त्या पाजण्यामुळेच बसते.

गाईच्या रक्तात फिरणारं कॅल्शियम सगळं मिळून जेमतेम ३ ग्रॅम. चिकाच्या एका लिटरमध्येच २ ग्रॅमच्या आसपास जातं. दहा लिटर चीक कासेत उतरला, की किती तूट पडली ते बघा. ही तूट हाडांतून आणि आतड्यांतून भरायची, तर मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीने तसा हुकूम सोडावा लागतो. भाकडकाळात, म्हणजे व्यायच्या आधी दूध आटवलेल्या दिवसांत, कॅल्शियम आयतं मिळत गेलं की ही ग्रंथी सुस्तावते. व्यायल्यावर ती जागी होते, पण तिच्या सांगण्यावरून मूत्रपिंडात ड जीवनसत्त्व कामाला लागून आतड्यांनी कॅल्शियम ओढेपर्यंत एक-दोन दिवस जातात. त्यात व्यायच्या तोंडावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक चढलेलं, भूक मंदावलेली. चाऱ्यात लसूणघास असेल तर दुहेरी नुकसान: कॅल्शियम आहेच, वर त्यातल्या पोटॅशियममुळे हाडं हुकूम नीट ऐकत नाहीत.

गेल्या थंडीत सिन्नरजवळ रात्री एक तिसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय पाहिली. मान कुशीवर टाकलेली, कान बर्फासारखे. म्हणायला दुग्धज्वर, पण अंगात ताप नसतो, उलट अंग गार पडतं. मालक बाटलीने औषध पाजायच्या बेतात होते. मी हात धरला. अशा गाईला गिळता येत नाही, औषध फुफ्फुसात जातं. शिरेतून कॅल्शियम अगदी हळू सोडलं, एक कान सतत तिच्या हृदयाच्या ठोक्यांवर. घाईने सोडलं तर हृदय तिथेच थांबू शकतं. अर्धी बाटली गेली तशी मांड्या थरथरल्या, नाकपुडीवर घामाचे थेंब आले, ढेकर आली, शेण पडलं. थोड्या वेळाने उठली.

व्यायल्याबरोबर शुद्धीवरच्या, उभ्या गाईला कॅल्शियमची जेल जरूर द्या. आधीचा महिना मात्र ते बंद ठेवा, मॅग्नेशियम असलेलं भाकडकाळाचं खनिज मिश्रण द्या.

निघताना पाहिलं, तर शेजारच्या दावणीला आठ महिन्यांची गाभण गाय, पुढ्यात लसूणघासाची भरली पाटी. ती पाटी आधी उचलायला लावली.