तुम्ही विचारलंत म्हणून: अंतराळात फायटर पायलटच का पाठवतात?

हवाई दलातून निवृत्त होऊन मी गावी आलो त्याला वीस वर्षं होत आली. अहमदपूर तालुक्यात आमचं गाव. इथे सगळे मला फौजी काका म्हणतात आणि मी विमान चालवायचो असंच बऱ्याच जणांना वाटतं. मी इंजिन फिटर होतो, मिग-21 वर. पायलटला खुर्चीत बांधून द्यायचं, शिडी काढून घ्यायची आणि विमान परत येईपर्यंत आभाळाकडे बघत बसायचं, यात सव्वीस वर्षं गेली. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो.

2025 च्या जूनमध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हापासून तो फारच वाढला. लग्नात विचारतात, बाजारात विचारतात. या येळवशीला, म्हणजे आमच्याकडच्या वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात कोपीसमोर बसून भज्जी-भाकरी खात होतो, तर भावाची नात म्हणाली, "आबा, राकेश शर्मा पायलट, हे शुक्ला पायलट, गगनयानाला निवडलेले चौघंबी पायलटच. शास्त्रज्ञाला का बरं पाठवत नाहीत?" पोरगी अकरावीला आहे, सायन्सला. तिला नीट उत्तर द्यायचं म्हणून त्या दिवशी बराच बोललो. तेच इथे लिहितो.

लोकांना वाटतं की पायलट धाडसी असतो म्हणून त्याला पाठवतात. मला हे उत्तर पटत नाही. धाडसी माणसं आमच्या गावातही पुष्कळ आहेत. पन्नास-साठ फूट खोल विहिरीत दोराला धरून उतरणारी पोरं मी पाहिली आहेत. अंतराळयानाला दुसरंच काहीतरी लागतं, आणि ते मी विमानाच्या शिडीवर उभं राहून अगदी जवळून पाहिलं आहे.

मिग-21 ची कॉकपिट म्हणजे एक अरुंद खोबण. पायलट आत उतरला की आम्ही पट्टे आवळायचो, ऑक्सिजनची नळी जोडायची, रेडिओची वायर जोडायची, जी-सूटची नळी लावायची. विमान जोरात वळलं की अंगातलं रक्त पायाकडे ओढलं जातं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ते रोखायला जी-सूटमधल्या पिशव्या हवेने फुगून पोट आणि मांड्या दाबून धरतात. पाच जी म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला स्वतःचं वजन साडेतीन क्विंटल वाटणं. अशा वेळी त्याला घड्याळं वाचायची असतात, रेडिओवर बोलायचं असतं, हातातली दांडी केसभर हलवायची असते.

शेवटी इजेक्शन सीटच्या सुरक्षा पिना काढायच्या. प्रत्येक पिनेला लाल फीत. त्या हातात धरून पायलटला दाखवायच्या आणि त्याने मोजायच्या. मी शेकडो वेळा दाखवल्या असतील. एकदाही कुणी न मोजता मान हलवली नाही.

एक सकाळ मला अजून आठवते. थंडीचे दिवस होते. एक तरुण फ्लाइंग ऑफिसर, चोवीस-पंचवीसचा असेल. इंजिन चालू झालं, सगळं सुरळीत, आणि त्याने गळ्यावरून आडवा हात फिरवला. म्हणजे इंजिन बंद. शिडी लावून वर गेलो. एका घड्याळाची सुई जिथे यायला हवी तिथून जराशी मागे थांबली होती. मी म्हटलं, "साब, थोडं तापलं की येईल वर." तो म्हणाला, "आएगी शायद. पर किताब में शायद नहीं लिखा." उतरला, फॉर्म 700 मध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, स्नॅग (बिघाड) लिहिला, सही केली आणि चालू लागला. त्या इंजिनावर आम्ही रात्रभर जागलो होतो. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. उघडून बघितलं तर इंजिन ठणठणीत, घड्याळच बिघडलेलं. तो उडाला असता तर काहीही झालं नसतं. पण त्याला ते खुर्चीत बसून कळण्याचा काही मार्ग नव्हता, आणि जे कळत नाही ते त्याने धरून चाललं नाही. घड्याळ बदललं, दुसऱ्या दिवशी त्याच विमानातून तो उडून आला. त्यानंतर मी कधी कुणाला "थोडं तापलं की येईल" म्हटलं नाही.

अंगावर भार असताना, कानात आवाज असताना, मागे सगळे खोळंबलेले असताना कागदावर लिहिलेलं जसंच्या तसं करणं, ही त्यांची सवय. ती रोजच्या सरावाने हाडात मुरते. फायटर पायलटकडे ती तयार असते, म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी त्यालाच उचललं. शिवाय त्याची दर वर्षीची वैद्यकीय तपासणी फाइलमध्ये असते आणि गुप्तता पाळायची त्याला सवय असते. 1959 मध्ये अमेरिकेने पहिले सात जण निवडले ते सगळे लष्करी टेस्ट पायलट, म्हणजे नवी विमानं उडवून तपासणारे. सोव्हिएत संघानेही पहिली तुकडी लढाऊ वैमानिकांतूनच काढली. चीनचा पहिला अंतराळवीर यांग लीवेई 2003 मध्ये गेला, तोही फायटर पायलट.

आता गागारिनचं ऐका. 12 एप्रिल 1961, पृथ्वीभोवती एक फेरी, एकूण 108 मिनिटं. यान आपोआप चालणारं होतं. हाताने चालवायची यंत्रणा कुलूपबंद ठेवली होती, कारण वजनरहित अवस्थेत माणसाचं डोकं ठिकाणावर राहील की नाही याची डॉक्टरांनाच खात्री नव्हती. कुलूप उघडायचा आकडा, 125, लिफाफ्यात घालून यानात ठेवला होता. म्हणजे जगातल्या पहिल्या अंतराळवीराला दांडीला हात लावायची परवानगीच नव्हती! नसत्या ठिकाणी हात न घालता शांत बसेल, जे दिसतं ते सांगेल, आणि वेळ आलीच तर लिफाफा फोडून यान हातात घेईल, असा माणूस हवा होता. हा गागारिन सुताराचा मुलगा, आणि विमानाकडे वळण्याआधी ओतकाम शिकलेला. आमच्या लातूरच्या आयटीआयमधल्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो.

राकेश शर्मांविषयी मला थोडं जास्त बोलावंसं वाटतं. जन्म पतियाळाचा, 1949 चा, पण वाढले हैदराबादला, शिकले निझाम कॉलेजात. माझे वडील निझामाच्या राज्यात जन्मलेले, त्यांच्या लेखी हैदराबाद म्हणजे आपलंच मोठं गाव. 1984 मध्ये घरी पत्र आलं त्यात त्यांनी लिहिलं होतं, "आपल्या हैदराबादचं लेकरू वर गेलंय." 1966 मध्ये शर्मा खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, दाखल झाले, 1970 मध्ये हवाई दलात अधिकारी झाले आणि 1971 च्या युद्धात मिग-21 घेऊन 21 मोहिमा उडाले. तेव्हा वय 22. पुढे टेस्ट पायलट. सोव्हिएत यानातून जायला 1982 मध्ये निवड झाली ती त्यांची आणि रवीश मल्होत्रांची. बंगळूरला त्यांना 72 तास एका खोलीत कोंडून ठेवलं होतं, बंद जागेत जीव घाबरतो का ते बघायला. मग मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत प्रशिक्षण. सगळं काम रशियनमध्ये, म्हणून रोज सहा-सात तास भाषाच शिकायची.

मल्होत्रांचं नाव आमच्याकडे कुणालाच ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं. तेच प्रशिक्षण, तेच हाल, शेवटच्या दिवसापर्यंत तीच तयारी, आणि 3 एप्रिल 1984 ला बैकानूरहून सोयुझ टी-11 यान सुटलं तेव्हा ते जमिनीवर. राखीव माणसाने एक दिवसही कच्चं राहून चालत नाही. शुक्लांच्या मागेही ग्रुप कॅप्टन प्रशांत नायर असेच उभे होते.

ते एप्रिलचे दिवस आम्ही एअरमेन मेसमधल्या टीव्हीसमोर काढले. वरून भारत कसा दिसतो, असं इंदिराजींनी विचारलं आणि "सारे जहाँ से अच्छा" हे उत्तर आलं, तेव्हा सगळी मेस उभी राहिली होती. ते सगळ्यांनाच पाठ आहे. मला मात्र त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं ते सांगायचं आहे, कारण पोरीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

त्या यानात तीन खुर्च्या. कमांडर युरी मालिशेव, सोव्हिएत हवाई दलाचे. तिसऱ्या खुर्चीत आपले स्क्वाड्रन लीडर शर्मा. आणि फ्लाइट इंजिनिअर गेन्नादी स्त्रेकालोव्ह. हे पायलट नव्हेत. यानं बनवणाऱ्या कारखान्यातले इंजिनिअर. सप्टेंबर 1983 मध्ये, म्हणजे जेमतेम सहा महिने आधी, हेच स्त्रेकालोव्ह एका साथीदारासोबत सोयुझमध्ये बसले असताना उड्डाणाआधीच रॉकेटला आग लागली. टोकावरच्या सुटकेच्या रॉकेटने त्यांची कुपी खेचून बाजूला नेली, काही सेकंद चौदा जीच्या वर भार आला, आणि मागे अख्खं रॉकेट फुटलं. दोघंही जिवंत उतरले. सहा महिन्यांनी हा माणूस पुन्हा तसल्याच रॉकेटवर बसला. कारखान्यातला इंजिनिअर!

वर सॅल्यूत 7 स्थानकात आणखी तिघं आधीपासून राहत होते. किझिम पायलट, सोलोव्योव्ह इंजिनिअर आणि अत्कोव्ह चक्क हृदयरोगतज्ज्ञ. शर्मांच्या हृदयावरचे प्रयोग झाले, योगासनांचा अभ्यास झाला, भारताचे फोटो काढले, ते सगळं अशा सहा जणांच्या घरात. पृथ्वीपासून तीनेकशे किलोमीटरवर, म्हणजे लातूरहून पुणं जेवढं लांब त्याच्या आसपास. फरक इतकाच की तिथे टिकून राहायला तासाला 28,000 किलोमीटरचा वेग लागतो. सात दिवस 21 तास 40 मिनिटांनी शर्मा परत आले. पुढे त्यांना, मालिशेवना आणि स्त्रेकालोव्हना, तिघांनाही अशोकचक्र मिळालं. इंजिनिअरला अशोकचक्र मिळालं म्हणून आम्हा फिटर लोकांना किती बरं वाटलं होतं, ते काय सांगू!

तेव्हा पायलटच का, याचं माझं उत्तर असं: यान नवं असतं, भरवसा नसतो, तोवर पायलट. यान रुळलं की बाकीचे येतात, आणि कधी कधी आधीही येतात. 1963 मध्ये गेलेली पहिली स्त्री, वालेंतिना तेरेश्कोवा, कापड गिरणीत काम करायची आणि हौसेने पॅराशूटच्या उड्या मारायची. त्या काळच्या व्होस्तोक यानातून सात किलोमीटर उंचीवर बाहेर फेकून घेऊन पॅराशूटने उतरावं लागे, म्हणून उडी मारता येणारी माणसं हवी होती. ब्रिटनची पहिली अंतराळवीर हेलन शार्मन रसायनशास्त्र शिकलेली. जिथे जे काम, तिथे तो माणूस. आपलं गगनयान अजून पहिल्या पायरीवर आहे, म्हणून चौघंही हवाई दलाचे, आणि मला ते योग्यच वाटतं.

पोरीने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी पायलटच झालं पाहिजे असं काही नाही ना?"

म्हटलं, व्हायचं असेल तर दार उघडं आहे. माझ्या काळी नव्हतं. 2016 मध्ये हवाई दलाला पहिल्या तीन महिला फायटर पायलट मिळाल्या, 2022 पासून एनडीएत मुली जाऊ लागल्या. मुलांसाठी संभाजीनगरला सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून आहे, मुलींसाठी तशीच नाशिकला निघाली आहे. बारावीला गणित आणि फिजिक्स सोडायचं नाही. हे मी भेटेल त्या आईबापांना सांगतो, कारण आमच्याकडे अजूनही एनडीए म्हणजे मुलांचं, असं धरून चालतात.

"पण मला चष्मा आहे, आबा. आणि मला उडवण्यापेक्षा बनवायला आवडतं. त्या स्त्रेकालोव्हच्या खुर्चीसाठी कुठं शिकावं लागतं?"

इतक्या वर्षांत ही खुर्ची मला कुणी विचारली नव्हती. तिरुवनंतपुरमला अंतराळ विभागाची स्वतःची संस्था आहे, आयआयएसटी, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड देऊन जाता येतं, एवढं मला माहीत होतं, ते सांगितलं. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. तिरुवनंतपुरम कसं लिहायचं ते एकदा विचारलं, लिहिल्यावर मला दाखवून पुन्हा एकदा विचारलं, आणि मग आंबील प्यायला उठली.